संगणकाचा कारभारी : एका प्रमाणपत्राची वाटचाल

१९ जुलै २०२४ या दिवशी आपल्या देशातील अनेक विमानतळांवर एक विलक्षण दृश्य दिसले. प्रवाशांच्या हाती छापील बोर्डिंग पासाऐवजी पेनाने लिहिलेले कागद पडले. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-प्रणालीत एक सदोष सुधारणा जगभर पाठविली गेली होती. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक तिच्यामुळे बंद पडले. यंत्र सुरू करावे, पडदा निळा व्हावा, यंत्र आपोआप पुन्हा सुरू व्हावे आणि पुन्हा तोच निळा पडदा, असा तो प्रकार होता. कंपनीने सदोष सुधारणा दीड तासाच्या आत मागे घेतली खरी. परंतु तोवर बंद पडलेली यंत्रे त्यामुळे सुधारली नाहीत. त्यांपैकी कित्येकांपाशी कोणीतरी स्वतः जाऊन बसणे, यंत्र सुरक्षित अवस्थेत चालू करणे आणि नेमकी एक फाइल काढून टाकणे आवश्यक होते.

हे काम ज्यांनी रात्रंदिवस खपून केले त्यांची नावे कोठेही छापून आली नाहीत. इंग्रजीत त्यांच्या पदास सिस्टीम्स अॅडमिनिस्ट्रेटर म्हणतात. प्रस्तुत लेखात आपण त्यांना संगणकाचे कारभारी म्हणू. जुन्या वाड्यात धन्यापेक्षा कारभाऱ्यालाच कोणती किल्ली कोणत्या कुलपाची, कोणत्या कोठीत किती धान्य आणि कोणाला कोठवर प्रवेश, हे अधिक ठाऊक असे. बँक, रुग्णालय, विद्यापीठ, रेल्वे आणि सरकारी कचेरी यांच्या सर्व्हरांची आज तीच स्थिती आहे. नव्या कर्मचाऱ्यास खाते उघडून देणे, नोकरी सोडून गेलेल्याचे खाते बंद करणे, माहितीच्या प्रती सुरक्षित ठेवणे, सुधारणा वेळच्या वेळी बसविणे आणि काही बिघडल्यास नोंदी वाचून कारण शोधणे, हा त्याचा नित्यक्रम होय.

या व्यवसायात प्रवेश करू इच्छिणाऱ्या मुलामुलींच्या घरी एक प्रश्न हटकून उभा राहतो. प्रमाणपत्र कोणते घ्यावे, त्यासाठी किती दिवस लागतील आणि पैसा किती खर्चावा? दोन वर्षांपूर्वी हा प्रश्न माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी इंदुरास उभा राहिला. भाची वाणिज्य शाखेची पदवीधर. एका दुकानात हिशेब लिहीत असे. भाऊजी कापड बाजारात नोकरीस. शहरातील एका खाजगी वर्गाने ‘नोकरीची हमी’ देऊन जी रक्कम सांगितली, ती नेमकी ताईने घराचे गळके छप्पर बदलण्यासाठी जमविलेल्या रकमेएवढी होती. भाऊजींनी मला दूरध्वनी केला. “तुम्ही दिवसभर कागदपत्रांत असता. हे प्रमाणपत्र खरे की नुसता कागद, एवढे आम्हांला सांगा,” असे ते म्हणाले. त्यांना उत्तर देण्यासाठी मी जे शोधले आणि पुढे भाचीच्या अनुभवातून आम्ही सर्वजण जे शिकलो, ते येथे मांडत आहे.

प्रमाणपत्रांचे प्रकार

या क्षेत्रातील परीक्षा स्थूलमानाने दोन प्रकारच्या आहेत. पहिल्या प्रकारात प्रश्न विचारून ज्ञान तपासले जाते. कॉम्पटिया या संस्थेची ‘ए प्लस’ परीक्षा यंत्राच्या अंतर्भागाची आणि नित्य दुरुस्तीची, तर ‘नेटवर्क प्लस’ ही जाळ्याची तोंडओळख तपासते. लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूटची ‘एलपिक-१’ ही दोन भागांची परीक्षा आहे. प्रत्येक भागात ६० प्रश्न आणि ९० मिनिटे असतात. तिचे प्रमाणपत्र पाच वर्षे चालते.

दुसऱ्या प्रकारात प्रश्न विचारीत नाहीत; काम सांगतात. रेड हॅट कंपनीची ‘आरएचसीएसए’ ही परीक्षा अशी आहे. परीक्षार्थीपुढे चालू यंत्रे ठेवतात आणि अमुक वापरकर्ता निर्माण करा, अमुक डिस्क जोडा, अमुक सेवा चालू ठेवा, अशी यादी देतात. इंटरनेट नाही, पुस्तक नाही, टिपणवही नाही. प्रणालीबरोबर येणारी माहितीची पाने तेवढी वाचता येतात. ३०० पैकी २१० गुण मिळाले म्हणजे उत्तीर्ण. हे प्रमाणपत्र तीन वर्षे चालते.

यांत एक कलम फार महत्त्वाचे आहे. परीक्षार्थीने केलेली प्रत्येक रचना यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही टिकली पाहिजे. जी टिकली नाही तिला गुण नाहीत. १९ जुलैची हकीकत ज्यांच्या ध्यानात आहे त्यांना या कलमाचे मर्म निराळे सांगावयास नको. क्षणभर चालते करून दाखविणे सोपे असते. रात्री वीज गेली आणि पहाटे आली, तरी सकाळी रुग्णालयाची खिडकी वेळेवर उघडली पाहिजे, यासाठीच कारभारी नेमलेला असतो.

ज्यांना विंडोज प्रणालीकडे जावयाचे असेल त्यांनी एक सावधगिरी बाळगावी. मायक्रोसॉफ्टची एमसीएसए आणि एमसीएसई ही एके काळची प्रसिद्ध प्रमाणपत्रे ३१ जानेवारी २०२१ रोजी बंद झाली. जुन्या पुस्तकांतून आणि काही वर्गांच्या फलकांवरून ती नावे अद्याप पुसली गेलेली नसल्यास नवल नाही. सांप्रत ‘अॅझुअर अॅडमिनिस्ट्रेटर’ यासारखी पदाच्या कामावर बेतलेली प्रमाणपत्रे दिली जातात. ती एक वर्ष चालतात आणि घरबसल्या, विनामूल्य चाचणी देऊन त्यांचे नूतनीकरण करता येते. तात्पर्य, परीक्षेचे नाव, अभ्यासक्रम व फी ही परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या अधिकृत पानावर पाहावी आणि मगच पाऊल टाकावे.

भाचीने लिनक्सची वाट निवडली. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. तो कोणासही मोफत वापरता येतो. आज जगातील असंख्य सर्व्हर त्यावर चालतात. ज्या घरी पैसा मोजून खर्चावयाचा असतो त्या घराला हे मोफतपण फार उपकारक ठरते.

आपल्याकडील सोयी

ज्यांचा पायाच कच्चा आहे त्यांनी थेट अशा परीक्षेस बसू नये. केंद्र सरकारची राष्ट्रीय इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान संस्था, म्हणजेच नायलिट, ‘ओ’ स्तराचा पाठ्यक्रम चालविते. बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यास तो करता येतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत संगणक-यंत्रणेच्या देखभालीचे शिक्षण मिळते. अभियांत्रिकी किंवा तत्सम पदवी घेतलेल्यांसाठी १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकची पदव्युत्तर पदविका आहे. सर्व्हर, जाळे आणि सुरक्षितता हेच विषय तिच्या एका शाखेत शिकवितात. प्रवेश मात्र सी-कॅट या परीक्षेतून मिळतो.

घरीच शिकणाऱ्यांना मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम मोठा आधार आहे. त्यात लिनक्सचे लहान लहान दृक्-श्राव्य पाठ मराठीतूनही ऐकावयास मिळतात, आणि त्यांस काही मूल्य नाही. पाठ ऐकावा, थांबवावा, तीच कृती शेजारच्या खिडकीत करून पाहावी आणि पुढे जावे, अशी त्यांची योजना आहे. बडोदे, बेळगाव, हैदराबाद किंवा इंदूर येथील मराठी कुटुंबांतील मुलांना हा पाठ आईवडिलांच्या शेजारी बसूनही ऐकता येतो, आणि आईवडिलांनाही मूल काय शिकत आहे याची कल्पना येते.

भाषेबद्दल दोन शब्द लिहिणे भाषांतराच्या व्यवसायामुळे मला आपले काम वाटते. परीक्षा इंग्रजीत असते म्हणून मराठी किंवा हिंदी माध्यमातील मुले कचरतात. परंतु येथे निबंध लिहावयाचा नसतो. यंत्र जो त्रुटीसंदेश देते तो दोन ओळींचा असतो, आणि त्यात येणारे शब्द पुनःपुन्हा तेच असतात. परवानगी नाकारली, फाइल सापडली नाही, जागा उरली नाही, अशा अर्थांचे शंभर-दीडशे शब्द वहीत उतरवून त्यांपुढे आपल्या भाषेतील अर्थ लिहिला, म्हणजे निम्मी भीती जाते. उरलेली निम्मी संदेश शेवटपर्यंत वाचल्याने जाते. बहुतेक नवशिके तो न वाचताच खिडकी बंद करितात.

घरची प्रयोगशाळा

भाचीची प्रयोगशाळा म्हणजे भाऊजींच्या दुकानाने काढून टाकलेला एक जुना संगणक. त्याची स्मृती आठ जीबी करून घेतली, एवढाच खर्च. त्यावर व्हर्च्युअलबॉक्स हे मोफत साधन बसविले. या साधनामुळे एकाच यंत्राच्या पोटात दोनतीन काल्पनिक यंत्रे चालविता येतात. ती बिघडली तरी मूळ यंत्रास धक्का लागत नाही; मोडावे आणि पुन्हा उभे करावे. रेड हॅट २०२१ पासून व्यक्तिगत विकासकांस १६ यंत्रांपर्यंत आपली प्रणाली विनामूल्य वापरू देते. अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स या तिच्याशी मिळत्याजुळत्या प्रणाली तर सर्वांसच मोफत आहेत.

ताईला प्रथम हे पटेना. “फुकटाच्या जुन्या यंत्रावर शिकून मोठ्या कंपनीचे प्रमाणपत्र कसे मिळेल?” असे तिचे म्हणणे. मी तिला तिच्याच स्वयंपाकघराचा दाखला दिला. पोळी लाटावयास ती लग्नघरात शिकली नाही. घरच्या पोळपाटावर शेकडो वेडेवाकडे नकाशे लाटूनच शिकली. यंत्राचेही तसेच आहे. हात बसावा लागतो, आणि हात बसण्यासाठी बिघडवून टाकण्याचे स्वातंत्र्य लागते.

नऊ महिन्यांचा आराखडा

नोकरी सांभाळून रोज दीड तास आणि रविवारी चार तास मिळतील असे गृहीत धरून आम्ही नऊ महिन्यांचा आराखडा केला. परीक्षेची विषयसूची कंपनी स्वतः प्रसिद्ध करिते. ती छापून भिंतीवर लावली आणि शेवटाकडून मागे मोजीत आलो.

पहिले दोन महिने केवळ आज्ञा टंकित करण्याची सवय: फाइली, निर्देशिका, मजकूर-संपादक, वापरकर्ते, गट आणि परवानग्या. तिसरा महिना जाळ्याचा: यंत्राचा पत्ता कसा देतात, नावावरून पत्ता कसा सापडतो, दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे प्रवेश कसा करितात. चौथा आणि पाचवा महिना डिस्कचा. विभाजन करणे, जागा वाढविणे आणि यंत्र सुरू होताच डिस्क आपोआप जोडली जाईल अशी नोंद करणे, हा भाग सर्वांत कठीण असल्याने त्यास दोन महिने दिले. सहावा महिना सेवा, नोंदवह्या, ठराविक वेळी आपोआप होणारी कामे, फायरवॉल आणि एसई-लिनक्स यांचा. सातवा महिना लहान स्क्रिप्ट लिहिणे, सॉफ्टवेअर बसविणे आणि मुख्य प्रशासकाचा परवलीचा शब्द हरविल्यास यंत्र सुरू होताना मध्येच थांबवून तो नव्याने ठरविणे, यांचा. आठव्या महिन्यात नवे काही शिकावयाचे नाही. कोऱ्या यंत्रावर संपूर्ण यादी घड्याळ लावून करावयाची. नववा महिना त्याच सरावाचा आणि परीक्षेचा.

या जोडीला एक वही होती. रोज काय केले, काय बिघडले, कशाने सुधारले, अशा तीन रकान्यांची. मधला रकाना भरल्याशिवाय दिवस संपला असे समजावयाचे नाही, हा नियम होता.

पैशाचाही आराखडा केला. वर्गाची फी वाचली. परंतु परीक्षेची फी काही थोडी नसते. यास्तव एकाऐवजी दोन प्रयत्नांची तरतूद आरंभीच बाजूस काढून ठेविली. छपराच्या पैशांस हात लावला नाही. त्या पावसाळ्यापूर्वी छप्पर बदलले गेले.

पहिला प्रयत्न

परीक्षा नेमलेल्या केंद्रावर देता येते. २०२० पासून कॅमेऱ्याच्या देखरेखीखाली घरूनही देण्याची सोय आहे. मात्र घरी परीक्षा देताना त्या खोलीत दुसऱ्या कोणासही येता येत नाही. एका खोलीत चौघे राहणाऱ्या कुटुंबाने याचा विचार अगोदर करावा. भाचीने केंद्र पसंत केले.

ती अनुत्तीर्ण झाली.

सर्व कामे तिला येत होती. तिने ती वेळेआधी पुरीही केली. शेवटी यंत्र पुन्हा सुरू केले, तेव्हा ते सुरूच होईना. डिस्क आपोआप जोडण्याच्या नोंदीत एक अक्षर चुकले होते, आणि ते शोधून सुधारण्यास वेळ उरला नव्हता. यंत्र उभे राहिले नाही म्हणजे त्यावर केलेले बाकीचे कामही बुडाले.

तिचा रात्री दूरध्वनी आला. “मावशी, मला सगळं येत होतं गं,” एवढेच ती पुनःपुन्हा म्हणत होती. पाठीमागे भाऊजी म्हणत होते, “येत होतं ना? मग झालं तर. पुन्हा बस.” भाऊजींना संगणक सुरूही करता येत नाही. परंतु त्या रात्री त्या घरात शिक्षक तेच होते, असे मला वाटते. वर्गाला सर्व पैसे देऊन ती अनुत्तीर्ण झाली असती, तर हे वाक्य इतक्या सहज त्यांच्या तोंडून आले असते किंवा नाही, कोण सांगेल?

दुसऱ्या दिवशी वहीच्या मधल्या रकान्यात तिने ती चूक लिहिली. पुढील तीन महिने एकच नियम पाळला: प्रत्येक मोठ्या बदलानंतर, आणि विशेषतः डिस्कच्या नोंदीनंतर, प्रथम ती नोंद तपासून पाहावयाची, नंतर लगेच यंत्र पुन्हा सुरू करावयाचे. सर्व काम संपल्यावर एकदाच पाहण्याची सवय तिने टाकली. शिवाय नोंद मुद्दाम चुकवून, बंद पडलेले यंत्र पुन्हा उभे करण्याचा सराव शेकडो वेळा केला. दुसऱ्या प्रयत्नात ती उत्तीर्ण झाली.

प्रमाणपत्रानंतर

प्रमाणपत्र मिळाले म्हणजे नोकरी दारात उभी राहते, असे वाचकांनी समजू नये. बहुतेकांची सुरुवात साहाय्य-कक्षातच होते. कोणाचा छापयंत्र चालत नाही, कोणाचा परवलीचा शब्द विसरला, अशा तक्रारी घ्याव्या लागतात. भाचीलाही इंदुरातील एका लहान संस्थेत असेच काम मिळाले. मुलाखतीत प्रमाणपत्राविषयी एकच प्रश्न झाला. तिने सोबत नेलेल्या वहीविषयी मात्र पाऊण तास बोलणे झाले.

रात्रपाळीचा प्रश्न आलाच. सर्व्हरच्या सुधारणा बहुधा रात्री, लोकांचे काम थांबलेले असताना करितात. ताईच्या मनात धास्ती होती, आणि ती अनाठायी नव्हती. नोकरी स्वीकारण्यापूर्वी भाचीने जाण्यायेण्याच्या वाहनाची सोय लेखी मागून घेतली. घरून काम करण्याजोग्या रात्री कोणत्या, हेही ठरवून घेतले. मुलीने असे प्रश्न विचारणे यात संकोच वाटण्याजोगे काही नाही. सर्व्हरचे नियम लेखी ठेवणाऱ्याने आपल्या नोकरीचेही लेखी ठेवावे, हे योग्यच होय.

पालकांसाठी दोन सूचना करून हा लेख आवरता घेते. शंभर टक्के नोकरीची हमी देणाऱ्यांपासून दूर राहावे; ज्या वर्गात प्रत्येक विद्यार्थ्यास स्वतंत्र यंत्र आणि ते बिघडविण्याची मुभा नाही, त्याच्या फलकावर काहीही लिहिलेले असो. दुसरे, फुटलेल्या प्रश्नांचे संच विकणाऱ्यांकडे मुलांना फिरकू देऊ नये. ते सिद्ध झाल्यास प्रमाणपत्र रद्द होते आणि पुढील परीक्षांचे दारही बंद होऊ शकते. आणि समजा, ते उघडकीस आले नाही, तरी एखाद्या रात्री रुग्णालयाचा सर्व्हर बंद पडेल तेव्हा पाठ केलेले उत्तर कोणाच्या उपयोगी पडणार?

भाची आता रविवारी पुढच्या, आरएचसीईच्या परीक्षेचा अभ्यास करिते. तीत अनेक यंत्रांचा कारभार एकाच वेळी स्वयंचलित रीतीने पाहावयाचा असतो. जुना संगणक तोच आहे. परवा भाऊजींनी विचारले, “अजून किती वेळा बंद करून चालू करणार त्याला?” ती म्हणाली, “बाबा, चालू होईल याची खात्री होईपर्यंत.”